यादीतली दोन माणसं

चेन्नईला जाऊन आले म्हटल्यावर गावातल्या बायका पहिला प्रश्न विचारतात, समुद्र पाहिला का? पाहिला. एकदा, रिक्षातून, डाव्या अंगाला. मी समुद्र पाहायला गेलेच नव्हते. धाकटी बहीण कमळ, तिला घेऊन यायला गेले होते आणि तिच्याशिवाय परत आले. ते कसं झालं ते लिहिते. मी चौथी शिकलेली आहे, पण दहा वर्षं ग्रामपंचायतीत होते, त्यातली पाच सरपंच. ठराव झाला की तो मोठ्यानं वाचून घ्यायची मला सवय आहे.

कमळचे यजमान तिकडे आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्यात फिटर होते. घरात सगळेच त्यांना दाजी म्हणत, म्हणून मीही दाजी म्हणायची. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी कालव्याकाठी दोन खोल्यांचं घर घेतलं. खरेदीचा कागद होता, शिक्के होते. पुढं जमीन कालव्याची निघाली. या चैत्रात घराची एक भिंत पडली आणि पंधरा दिवसांत दाजी गेले. तेव्हा माझा पाय मोडलेला होता, जाता आलं नाही. पितृपक्षात काठी घेऊन गेले. मनात हिशेब सरळ होता. दाजींच्या नावानं पान वाढायचं, कमळची पेटी भरायची, दिवाळीच्या पावसाआधी तिला आमच्याकडे आणायचं. तिकडे पाऊस आपल्यानंतर येतो, आणि बिनभिंतीच्या घरात एकटी बाई पावसात कशी राहणार?

गल्ली

स्टेशनवर कमळ आली नव्हती. तिचे शेजारी माधवराव आले होते. तंजावरकडची ही मराठी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. पंचाहत्तरीचे, पांढरी वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर, कपाळावर गोपीचंदन. शाळेत गणित शिकवायचे. त्यांचं मराठी आपल्या पोथीतल्यासारखं.

"अक्का, वाटेंत जेवण झालें का? कमळाबाईंस घर सोडून येतां येत नाहीं. मज पाठविलें."

"बरं नाही का तिला?"

"बरें आहे. घर सोडून येतां येत नाहीं," ते पुन्हा म्हणाले.

भर दुपारी गल्लीत पोचलो. दुपारी आमच्या गावातही सामसूम असते, पण कुठं जात्याची घरघर, कुठं रेडिओ, कुठं पोराच्या पाठीत धपाटा, काहीतरी ऐकू येतं. इथं काही नाही. डाव्या हाताची घरं पाडलेली होती आणि उजव्या हाताची शाबूत. पाडलेल्या घरांचं डबरही कुणी उचललं नव्हतं. एक जिना वर जाऊन हवेत संपत होता. जमिनीतून नळ वर आला होता आणि भोवती मोरी नव्हती. एका अर्ध्या भिंतीवर आरसा तसाच टांगलेला, त्यात मी आणि माझी काठी दिसलो. दोरीवर एक साडी होती. उन्हाकडची बाजू हाडासारखी पांढरी पडलेली, सावलीकडची अजून हिरवी. मी हात लावायला गेले.

"अय्यो, अक्का, नको!" माधवराव इतक्या जोरात ओरडले की मी दचकले. "फोटोंत आहे ती."

शेवटी कमळचं घर. रस्त्याकडची भिंत नाही, तीन बाजू उभ्या. रस्त्यावरून चूल दिसते, देव दिसतात, खाट दिसते. आणि खाटेवर, भिंतीकडे तोंड करून, पायापासून डोक्यापर्यंत चादर घेतलेलं माणूस झोपलेलं होतं.

दाजी असे झोपायचे.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. गावाच्या मसणवट्याची मोजणी मी स्वतः उभी राहून करून घेतली आहे. पण पाय उचलेना. तेवढ्यात कमळ आतून आली. वाळलेली, केस पांढरे. पाया पडली आणि खाटेकडे बघत हळूच म्हणाली, "आक्का, हळू बोल."

"कोण झोपलंय?"

"कोणी नाही. दोन उश्या आणि घोंगडी. तू बस, पिठलं टाकते."

फोटो

दुसऱ्या दिवशी माधवरावांच्या घरी सगळा उलगडा झाला. त्यांचं घर कमळच्या पलीकडचं, शाबूत. त्यांच्या सुनेनं डांगर पच्चडी केली होती. आपलं डांगरच, उडदाचं, पण दह्यात आणि वर फोडणी. चांगली लागते.

चैत्रातल्या एका सकाळी पाडापाडी सुरू झाली. डावीकडची घरं संपली, मशीन उजवीकडे वळलं आणि कमळच्या भिंतीला त्याचं पातं लागलं. तेवढ्यात गल्लीच्या बाजूच्या वकीलबाई धावत आल्या. हातात कोर्टाचा कागद. जैसे थे. या घडीला जे जसं आहे ते तसंच राहू द्या, निकाल लागेपर्यंत पाडू नका, बांधू नका. मशीन थांबलं. त्याच दिवशी दुपारी कोर्टानं पाहणीला नेमलेला एक वकील आला. त्याला कमिशनर म्हणतात. त्यानं प्रत्येक घराचा फोटो काढला, समोर काय आहे, माणसं किती, ते यादीत लिहिलं. कमळच्या घराच्या फोटोत खाट आली आणि खाटेवर चादर घेऊन पडलेले दाजी आले. यादीत लिहिलं: राहणारी माणसं दोन.

मग दाजी गेले. मयताचा दाखला निघाला, निवृत्तिवेतनाचे कागद बदलले. यादी बदलली नाही.

"अगं, पण त्या उश्या कशाला?" मी कमळला विचारलं.

"सारखं असायला पाहिजे, आक्का. पाहणीला येतात तेव्हा फोटो हातात धरून बघतात. चौथ्या घरातल्या मामीनं बादली सरकवली तर केवढं झालं होतं."

"काय झालं होतं?"

कमळ माधवरावांकडे बघायला लागली. माधवराव छताकडे. नक्की काय झालं होतं ते कुणालाच सांगता आलं नाही. पण तेव्हापासून गल्लीत प्रत्येक घरात फोटोची प्रत भिंतीला चिकटवलेली आहे, आणि बायका रोज सकाळी केर काढल्यावर कॅलेंडर बघावं तसा तो बघतात. मग हंडा एक वीत डावीकडे घेतात.

मी म्हटलं, हा मूर्खपणा आहे, भिंत बांधा. चार गवंडी, दोन दिवसांचं काम. वॉर्डाची निवडून आलेली बाई आहे ना? चला तिच्याकडे. गेलो. तिनं खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि मला कळावं म्हणून हळू हळू म्हणाली, "कोर्ट मॅटर, अम्मा." आणि दोन्ही हात वर केले. हे हात मी ओळखते. निवडून आलेल्या माणसाला नको असलेलं काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलं की असेच वर होतात.

परत येताना मी माधवरावांना म्हटलं, "आमच्याकडे सरपंचानं असं केलं तर लोक दारात येऊन शिव्या घालतात. पुढच्या निवडणुकीला पाडतात. मला पाडलं ना! एका गटारापायी पाडलं. राग आला, पण ज्यांनी पाडलं त्यांची तोंडं मला माहीत होती. तुमच्या त्या जज्जाला कोण पाडणार? तो कुणाच्या दारात येतो?"

माधवराव थांबले. "अक्का, पाडायचें कोणीं ठरविलें? निवडून आलेल्यांनींच. हात वर करून. कोर्ट नसतें तर अस्कीं घरें गेलीं असतीं." अस्की म्हणजे सगळी. "मीं मुलांस शिकवीत असें, संख्या मोठी म्हणून उत्तर बरोबर होत नाहीं."

हे मला कुठं लागलं तेही लिहिते. मी सरपंच असताना एक भटकं कुटुंब गायरानात पाल टाकून राहिलं. गावाला नको होतं. ग्रामसभा घेतली, हात मोजले, सगळे वर. मी स्वतः उभी राहून पाल उतरवलं. ते कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, जगायचा हक्क आहे, राहू द्या. ते कुटुंब अजून तिथंच आहे. कोर्टाचं बरोबर होतं, हे आज म्हणते. तेव्हा दोन वर्षं चडफडत होते. पण एक गोष्ट आहे. कोर्टानं त्यांना जागा दिली, शेजार दिला नाही. आजही त्यांच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नाही, कारण गावाला कुणी समजावलंच नाही. वरून कागद आला. गाव गप्प बसलं आणि तसंच राहिलं.

कोर्ट

चौथ्या दिवशी तारीख होती. मी हट्टानं गेले. कमळ घर सोडेना, म्हणून माधवराव आणि मी. लाल दगडी कमानी, लांब लांब ओसऱ्या, आणि काळे झगे घातलेली माणसं, सगळी घाईत, आणि पायांचा आवाज नाही. एवढी माणसं चपला घालून चालताना आवाज का होत नव्हता, हे मला अजून कळलेलं नाही.

बाकावर माझ्या शेजारी एक बाई होती, माझ्याच वयाची, रेशमी साडी, कानात हिरे. मला दम लागलेला पाहून तिनं पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढून दिली. मोडक्या हिंदीत बोललो. तिचं घर तळमजल्यावर. दर पावसाळ्यात कालवा फुगतो, पाणी घरात येतं. मागच्या पावसात तिच्या नवऱ्याला खुर्चीसकट टेबलावर चढवून ठेवायला लागलं होतं रात्रभर. "आप किधर का?" तिनं विचारलं. मी सांगितलं. मग तिनंही तिचं सांगितलं. कालव्यापलीकडची इमारत तिची. कालवा मोकळा करा म्हणून कोर्टात आलेली माणसं ती. मी हातातली चिक्की खाऊ का नको विचार करत होते. मग खाल्ली.

आमचा पुकारा झाला. आत गारठा. उंचावर जज्ज बसलेले, दमलेल्या चेहऱ्याचे, वाईट माणूस वाटले नाहीत. सगळं इंग्रजीत. माधवराव कानाशी सांगत होते. त्या बाईच्या वकिलानं एक ओळ वाचली. माणसाला जगण्याचा हक्क आहे, म्हणून कालवा मोकळा करा. आमच्या वकीलबाईंनीही एक ओळ वाचली. माणसाला जगण्याचा हक्क आहे, म्हणून घरं पाडू नका.

"ही तीच ओळ?" मी विचारलं.

"तीच. त्याच पुस्तकांतली."

मग जज्ज हळू आवाजात काही बोलले, आणि संपलं. तव्यावर भाकरी उलटायला लागतो तेवढाही वेळ गेला नाही. पुढची तारीख पडली. त्याआधी पुन्हा एकदा पाहणी, परवाच.

हक्क लिहून ठेवायला माझी ना नाही. पण दोन शेजाऱ्यांनी एकच ओळ धरून ओढायची, आणि कुणाकडची ओळ खरी ते तिसऱ्यानं, दोघांच्याही घरचं पाणी न पिता सांगायचं, हे मला पटत नाही. त्या बाईला आणि कमळला समोरासमोर बसवलं असतं तर दोघी कडाकडा भांडल्या असत्या. भांडताभांडता टेबलावरच्या नवऱ्याचा विषय निघाला असता, खाटेवरच्याचा निघाला असता. मग कालव्यातला गाळ कुणी काढायचा इथपर्यंत तरी आल्या असत्या. कोर्टात त्या दोघींची गाठच पडत नाही.

बाहेर ओसरीवर मी वकीलबाईंना धरलं. तरुण पोरगी, माझ्या नातीएवढी, पैसे न घेता लढते. "कागदात असं लिहिलंय का, की बादली हलवायची नाही? मेलेल्या माणसाला खाटेवर ठेवायचं?"

माधवरावांनी तमिळमध्ये विचारलं. तिचा चेहरा पडला. कागदात फक्त बांधू नका, पाडू नका एवढंच आहे, ती म्हणाली. बादलीचं, साडीचं काही नाही. मग जरा विचार करून म्हणाली, पण कशाला धोका? निकाल लागेपर्यंत काही हलवूच नका.

तेवढंच. गल्लीत भीती कुठून आली ते मला तिथं दिसलं.

पाहणी

पाहणीच्या दिवशी सकाळी तांबरम या लांबच्या उपनगराकडून येणाऱ्या गाडीतून माणसं उतरायला लागली. ज्यांची घरं पूर्ण गेली होती ती ही माणसं, तांबरमच्याही पुढं कुठं कुठं राहायला गेलेली. गल्लीत आली, कुणी कुणाशी बोललं नाही, आणि आपापल्या जागी उभी राहिली. एक बाई बसून जमिनीवर रांगोळी काढायला लागली. तिकडे ते रोज दारापुढं तांदळाच्या पिठाची रांगोळी काढतात, त्याला कोलम म्हणतात. हिच्यापुढं दार नव्हतं. तिनं उंबऱ्याची जागा बरोबर सोडली. एक म्हातारा हवेत संपणाऱ्या त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसला. फोटोत तो तिथंच बसलेला आहे. दहा वाजता अख्खी गल्ली भरलेली होती आणि घर एकही नव्हतं त्या बाजूला.

कमळनं माझा हात धरला. "आक्का, उश्यांनी भागत नाही गं. मागच्या खेपेला तो कमिशनर जवळ येऊन बघत होता. आता माणसं मोजणार आहेत. यादीत दोन आहेत."

"मग?"

ती खाटेकडे बघत राहिली.

"कमळे, तुझं डोकं फिरलंय."

"एवढं कर. मग तू म्हणशील तशी येते मी तुझ्यासंगं."

मी आडवी झाले. तोंड भिंतीकडे, चादर डोक्यावरून. चादरीला अजून दाजींच्या तंबाखूचा वास होता. समोर भिंतीला बोटानं पुसल्यासारखा तेलकट डाग, ते झोपताना हात लावून ठेवत असतील तिथं. बाहेर पावलं आली, थांबली. माधवराव कुणाशी तरी बोलत होते. मग परक्या आवाजात कुणी दाजींचं पूर्ण नाव वाचलं.

कमळ म्हणाली, "हो."

माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला याचाच राग आला. मी चादर फेकून उठून बसले. समोर चष्मेवाला माणूस, हातात फोटो.

"तो मेला," मी म्हटलं. "चैत्रात मेला. डब्यात दाखला आहे. मी त्याची मेहुणी. असं लिहा."

माधवरावांनी सांगितलं की नाही मला माहीत नाही, पण काहीतरी बराच वेळ सांगितलं. चष्मेवाल्यानं माझ्याकडे बघितलं, कमळकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. तो चिडला नाही. दमलेला होता, घाम पुसत होता. म्हणाला, कोण आहे ते लिहायला मला सांगितलेलं नाही, किती आहेत ते लिहायचंय. आणि कागदावर लिहून पुढं गेला.

"काय लिहिलं?"

"माणसें दोन," माधवराव म्हणाले. "जैसे थें."

अकराच्या सुमाराला कोलम काढणारी बाई उठली, पदराला हात पुसले आणि सगळे स्टेशनच्या दिशेनं गेले.

पान

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. मी म्हटलं, आज दाजींचं पान वाढायचंच, आणि उद्या निघायचं. कमळ हो म्हणाली. खीर, भाजणीचे वडे, अळू तिकडे मिळालं नाही म्हणून दुसरा पाला. केळीचं पान पडक्या भिंतीच्या बुंध्यावर ठेवलं.

तिकडचे लोक रोज जेवणाआधी कावळ्याला भात घालतात. आपल्याकडे वर्षातून पंधरा दिवस त्याची आठवण. कमळही रोज त्याच बुंध्यावर घास ठेवायची, आणि कावळ्यांतला एक, करड्या मानेचा, तिच्या हाताशी येऊन खायचा. मी स्वतः पाच दिवस पाहिलं होतं. आज तो आला, पानावर बसला नाही. आत उडाला आणि खाटेच्या पायथ्याशी बसला.

अर्धा तास गेला. माधवराव, त्यांची सून, चौथ्या घरातली मामी, सगळे उभे. रीतीप्रमाणे मी बोलायला लागले. घराची काळजी करू नका, दाजी. केस चालू आहे. कावळा हलला नाही. भिंत बांधून घेऊ. नाही. कमळला मी सांभाळेन, उद्या माझ्या घरी घेऊन जाते. तो खाटेपासून उडून वड्यांच्या परातीच्या कडेवर बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

ऊन चढलं, पाय दुखत होता. मी वैतागले. "बरं बाबा," मी म्हटलं, "नाही नेत. राहू दे तिला इथंच."

तो उतरला आणि पानाला शिवला.

मी आधीच सांगितलं, माझा विश्वास नाही. भूक लागली असेल. पण कमळ हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली. "ऐकलंस ना? आता कशी येऊ?" ती म्हणाली आणि खीर वाढायला आत गेली. मी भांडले. वचन दिलंस म्हटलं, रडले नाही पण ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "आक्का, कोर्टाच्या कागदावर ते आहेत. काल लिहून गेले. त्यांना इथं ठेवून मी तिकडं कशी झोपू?"

जज्जाचं म्हणणं निदान माधवरावांनी मराठीत सांगितलं होतं. कावळ्यानं कारणही सांगितलं नाही, आणि त्याच्या वर जायला दुसरं कोर्ट नाही.

मी एकटी परत आले. पेटी रिकामीच आणली.

काल कमळचा फोन होता. पाऊस लागला आहे. खाटेचे दोन पाय पाण्यात आहेत, देव वरच्या फळीवर ठेवले आहेत. त्या हिऱ्यांच्या कुड्यांवाल्या बाईच्या घरातही शिरलं असेल. मी म्हटलं, ताडपत्री तरी लाव. म्हणाली, फोटोत ताडपत्री नाही. मग म्हणाली, "पुढची पाहणी सोळा तारखेला आहे, आक्का. यादीत दोन आहेत."

गावानं हात वर करून मला खुर्चीवरून उठवलं, तेव्हा मी भांडून उठले होते. काल काही बोलले नाही. सकाळी पोराला चौदा तारखेचं चेन्नईचं तिकीट काढायला सांगितलं.